उष्म्याचे बळी आणि कायद्याचा तापमापक

(उरण तालुक्यातील मोरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार प्रदान करण्याचा शासकीय समारंभ झाला. लाखो माणसे जमली होती. त्यांपैकी कित्येक आदल्या रात्रीपासूनच येऊन बसली होती. व्यासपीठावर छप्पर होते; समोरच्या जनसमुदायावर मात्र एप्रिलचे उघडे ऊन होते. समारंभ भर दुपारी आटोपला आणि उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. शासनाने मृतांच्या कुटुंबियांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले, एकसदस्य चौकशी समिती नेमली आणि दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम होणार नाहीत असेही सांगितले. पण ती बंदी त्या उन्हाळ्यापुरती होती. वर्तमानपत्रांतून आरोप-प्रत्यारोप झाले, आणि पहिल्या पावसाबरोबर विषय वाहून गेला.

मोरा बंदरापासून खारघर फार दूर नाही. ज्या नवी मुंबईच्या आराखड्यात उरणची गावे ओढली गेली, त्याच आराखड्यातील ते एक उपनगर. म्हणून खारघरचा प्रश्न हा येथल्या लोकांचाही प्रश्न आहे. तो प्रश्न असा: हे १४ मृत्यू निसर्गाच्या कोपाने झाले की समाजव्यवस्थेच्या दोषाने?

'उन्हाने माणूस मेला' हे विधान जितके खरे तितकेच ते अपुरे आहे. 'दुष्काळाने माणूस मेला' हे विधानही असेच अपुरे असते. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात दाखवून दिले की, धान्य मुळात नाही म्हणून माणसे मरतात असे नव्हे. धान्यावर ज्यांचा हक्क पोहोचत नाही ती माणसे मरतात. उष्म्याचेही तेच आहे. सावली, पाणी आणि विसावा या तीन गोष्टी महाराष्ट्रात नाहीत असे नाही. त्यांच्यावर ज्यांचा हक्क पोहोचत नाही त्यांचे बळी जातात. हा हक्क दयेने मिळत नाही, तो कायद्याने द्यावा लागतो. आणि कायदा करायचा तर त्याच्या पायाशी शास्त्राने ठरवलेला आकडा असावा लागतो. आजच्या व्याख्यानाचा सारांश एवढाच आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. त्या दिवशी नवी मुंबई परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. तिकडे मे महिन्यात ४५ अंशांतही बाजार भरतो. मग ३८ अंशांत माणसे कशी मरतात?

मनुष्यदेहाचे तापमान ३७ अंशांच्या जवळपास राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून तापली की शरीरापाशी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. परंतु घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही. घाम वाळला म्हणजे थंड होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो तत्काळ वाळतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो निथळत राहतो, पण वाळत नाही. शरीरातील पाणी व क्षार मात्र निघून जातात आणि आतली उष्णता आतच साठते. ती ४० अंशांपलीकडे गेली की मेंदू, हृदय, मूत्रपिंड एकामागून एक निकामी होऊ लागतात. अशा वेळी अर्ध्या तासाच्या आत अंग थंड केले तर माणूस बहुधा वाचतो; उशीर झाला तर रुग्णालयात पोहोचूनही वाचेलच असे नाही.

म्हणून केवळ पाऱ्याचा आकडा पुरेसा नाही. तापमापकाच्या गोळ्याभोवती ओले फडके गुंडाळून जे तापमान मोजतात, ते उष्णता आणि दमटपणा या दोहोंचा हिशेब एकदम सांगते. हे ओल्या फडक्याचे तापमान ३५ अंशांवर गेले तर निरोगी माणूस सावलीत स्वस्थ बसूनही काही तासांत दगावेल, असे अनुमान २०१० साली शास्त्रज्ञांनी मांडले होते. पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले. दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच येऊन ठेपते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दिसून आले. वृद्ध, आजारी, गरोदर किंवा डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली असणार, हे उघड आहे.

आपले हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७ अंश आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांची वाढ, अशा निकषांवर उष्णतेची लाट जाहीर करते. किनाऱ्याचा निकष खाली ठेवला हे योग्यच झाले. पण तोही मुख्यतः पाऱ्याचा निकष आहे. दमटपणा, डोक्यावरचे ऊन, पडलेला वारा, कामाचा ताण आणि रात्री न उतरणारी उष्णता ही सारी त्या आकड्याबाहेर राहतात. काँक्रीट व डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते ओकतात. जुन्या कौलारू घरात माणूस रात्री निवत असे. पत्र्याच्या खोलीत आणि दाट वस्तीत त्याची ती रात्रही हिरावली गेली आहे.

सूर्य राव-रंक पाहत नाही असे म्हणतात. पण समाज पाहतो. इमारतीच्या सेंटरिंगवर लोखंड बांधणारा बिगारी, कंटेनर यार्डात तापलेल्या पत्र्यांच्या भिंतींमध्ये राबणारा हमाल, रांगेत तासन्‌तास अडकून पडलेल्या ट्रेलरचा चालक, मिठागरातला मजूर, वलांडीवर बोंबील सुकत घालणारी आणि नंतर छपराविना रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणारी कोळीण, नगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार यांच्या वाट्याला येणारा एप्रिल आणि वातानुकूलित कचेरीतला एप्रिल हे एकाच पंचांगातले असले तरी एकाच हवामानातले नाहीत. वातानुकूलन यंत्राचा धर्मही पाहावा. ते आतली उष्णता नाहीशी करीत नाही, बाहेर फेकते. आतला गारवा खाजगी मालकीचा आणि बाहेरचा ताप मात्र सार्वजनिक!

दरवर्षी उन्हाळा आला की शासनाचे पत्रक निघते: दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नये, भरपूर पाणी प्यावे, सैल सुती कपडे वापरावेत. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष आहे. पगारदार माणसाला तो उपयोगी आहे. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र तो अर्ध्या रोजावर पाणी सोडण्याचा सल्ला आहे. ज्या बाईला कामाच्या जागी आडोसा नाही ती तहान मारते, कारण पाणी प्यावे तर जावे कोठे, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो.

या अन्यायाचे आर्थिक मोजमापही झालेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे, १९९५ साली उष्म्यामुळे भारतातील कामाच्या एकूण तासांपैकी ४.३ टक्के तास वाया गेले. २०३० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ माणसांचे काम. या तोट्याची नोंद मालकाच्या हिशेबाच्या वहीत होत नाही. ती मजुराच्या चुलीवर आणि त्याच्या मूत्रपिंडांवर होते.

उष्म्यावर कायदा करणे ही काही नवी, परदेशी, न परवडणारी कल्पना आहे असा समज पसरवला जातो. महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारच्या सुट्टीबरोबरच मध्यान्हीच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी त्यात होती. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने मध्यान्हीची विश्रांती मान्य केली. दुपारचा विसावा हा मालकाच्या मर्जीचा नव्हे तर कायद्याचा विषय आहे, ही गोष्ट या भूमीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठरून चुकली आहे.

ओल्या फडक्याच्या तापमापकाची कथाही अशीच आहे. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून कापडगिरण्यांच्या विणकामखात्यात वाफ सोडून हवा मुद्दाम दमट केली जात असे. सुताला जे मानवे ते माणसाला सोसेना. लँकेशायरच्या विणकरांच्या लढ्यातून ब्रिटनमध्ये १८८९ साली कायदा झाला आणि कोरड्या व ओल्या तापमापकांच्या नोंदींवर दमटपणाची मर्यादा बांधली गेली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमाने खेळती हवा आणि सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. १५ व्या कलमाने कृत्रिम दमटपणाची मानके ठरवण्याचा, मोजणी करवून घेण्याचा आणि तिची नोंद ठेवायला लावण्याचा अधिकार शासनाला दिला. म्हणजे ज्या मोजमापाची आज परिषदांतून नवलाई सांगितली जाते, ते गिरणीकामगाराच्या कायद्यात केव्हाच येऊन गेले होते.

मग झाले काय? १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. काम संपले नाही. ते कारखान्याच्या चार भिंतींतून निघून रस्त्यावर, नाक्यावर, यार्डात आणि बांधकामावर आले. कायदा मात्र भिंतींच्या आतच राहिला. भिंतीबरोबर कामगाराच्या डोक्यावरची कायद्याची सावलीही गेली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने घेतली आहे. कामाच्या जागेचे तापमान व दमटपणा यांबाबत नियम करण्याचा अधिकार या संहितेतही आहे. परंतु ती सामान्यतः दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि नाक्यावरून उचललेल्या चार बिगाऱ्यांना आस्थापना म्हणून कोण मोजणार?

काही ठिकाणी चांगले काम झाले आहे, त्याचा गौरव केलाच पाहिजे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ साली तेथील महानगरपालिकेने संशोधन संस्थांच्या साहाय्याने उष्मा कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारा, पाणपोया, दवाखान्यांची पूर्वतयारी, डॉक्टर व परिचारिकांचे प्रशिक्षण, झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग, एवढ्या साध्या गोष्टी! आराखड्यानंतर वर्षाकाठी सरासरी ११०० हून अधिक मृत्यू टळले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. नागपूरनेही हा मार्ग लवकर धरला. शास्त्र आणि शासन एकत्र आले तर माणसे वाचतात, याला याहून मोठा पुरावा नको.

पण अहमदाबादेचे अनुकरण देशभर झाले ते बहुतांशी कागदावर. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ साली १८ राज्यांतील ३७ आराखडे तपासले. पैसा कोठून आणायचा याचा विचार केवळ ११ आराखड्यांत होता. सर्वाधिक धोक्यात कोण, याची रीतसर पाहणी केवळ दोहोंत होती. आणि आपल्याला कोणत्या कायद्याने अधिकार मिळाला हे एकाही आराखड्यात नमूद नव्हते. पंधराव्या वित्त आयोगाने राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत भर घालण्याची गरज मानली नाही. तमिळनाडूने २०२४ मध्ये आणि तेलंगणाने २०२५ मध्ये आपापल्या राज्यापुरती उष्णतेची लाट आपत्ती म्हणून जाहीर केली. तेही स्वागतार्ह आहे. परंतु आपत्ती जाहीर झाल्याने मृत्यूनंतरची मदत सुकर होते. प्रश्न मृत्यूपूर्वीच्या हक्काचा आहे.

कातारसारख्या राजेशाही देशाने मे २०२१ मध्ये नियम केला. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. शिवाय उष्णता, दमटपणा, ऊन व वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांपलीकडे गेला की वर्षातल्या कोणत्याही दिवशी काम थांबलेच पाहिजे. जपानने १ जून २०२५ पासून अशाच निर्देशांकाच्या आधारे मालकांवर सक्तीची कर्तव्ये लादली. आखातात कामाला गेलेल्या कोकणच्या मजुराला तेथे दुपारचा विसावा कायद्याने मिळावा आणि त्याच्या मागे राहिलेल्या भावाला उरणच्या यार्डात तो मिळू नये, ही लोकशाही राज्याला भूषणावह गोष्ट नाही.

आता येथल्या भूमीकडे वळू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. त्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्या लढ्यात भाताच्या खाचराची, मिठागराची, घरठाणाची किंमत मागितली गेली. पण आणखी एक संपत्ती त्या जमिनीबरोबर जात होती, जिचा सातबारा कोणाच्याच नावे नव्हता. ती म्हणजे येथला वारा.

दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे यांच्यावर या किनाऱ्याचे जगणे उभे राहिले आहे. वाऱ्याला वाट लागते आणि ती वाट खाजणातून, खारफुटीतून, मिठागरांच्या मोकळ्या पाण्यावरून, गावतळ्यांवरून जाते. खाजणात भराव पडला, तिवरे तोडली, तळी बुजली आणि किनाऱ्याला समांतर इमारतींची व कंटेनरांची भिंत उभी राहिली, की समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही गाव कोंडते. बाजारपेठेत भरावाच्या जमिनीला भाव आहे. त्या जमिनीवरून वाहणाऱ्या वाऱ्याला नाही. ज्याला बाजारात भाव नाही आणि ज्याच्यावाचून कोणाचेच चालत नाही, त्याचे रक्षण करणे हेच तर सार्वजनिक धोरणाचे काम असते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यातील खारफुटीच्या तोडीला मनाई केली. त्या निकालाकडे आजवर पूर आणि मासळी यांच्या दृष्टीने पाहिले गेले. उष्म्याच्या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

ही जुनी कथा उगाळण्याचे कारण असे की नवी कथा सुरू झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे दोन्ही खुली झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे नगर वसवण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. शहर उभे राहिल्यावर त्याचा उष्मा कमी करणे दुष्कर व महाग असते. नकाशावर असताना ते सोपे व स्वस्त असते. पुढील पन्नास वर्षे या तालुक्यातील रात्री कशा असतील, हे आताच्या नकाशांवर ठरणार आहे.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली मागणी मोजणीची. बंदर, धक्के, यार्डे, मोठी बांधकामे आणि दाट वस्त्या येथे उष्णता व दमटपणा दोन्ही मोजावेत आणि आकडे रोज फलकावर लावावेत. उन्हाळ्यातील प्रत्येक मृत्यूच्या कारणाची नीट नोंद व्हावी. हृदयविकार या एका शब्दाखाली उष्म्याचे किती बळी झाकले जातात ते समजू द्यावे. दुसरी मागणी आकड्याची. संहितेखालील नियमांत कामाच्या जडपणानुसार मर्यादा लिहाव्यात, ती ओलांडली की काम थांबावे, आणि मजुरांची संख्या दहाहून कमी आहे ही सबब चालू नये. तिसरी मागणी मजुरीची. थांबलेल्या तासांची मजुरी मिळालीच पाहिजे, नाहीतर मजूर स्वतःच काम थांबू देणार नाही. चौथी मागणी सावलीची. धक्का, बसथांबा, मजूरनाका व मासळीबाजार येथे छप्पर, पाणी व स्त्रियांसाठी शौचालय असावे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावर समारंभ करण्यास कायमची बंदी असावी. पाचवी मागणी वाऱ्याची. नव्या नगराच्या आराखड्यात खारे वारे येण्याच्या वाटा, तळी आणि खाजणे आधी आखावीत, भूखंड मागाहून. शासकीय इमारतींपासून थंड छपरांचा आरंभ करावा. तेलंगणाने २०२३ मध्ये तसे धोरण केलेच आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, उत्पादन घटेल. पण भर उन्हात काढलेल्या तासांचे उत्पादन आधीच घटलेले असते. तेच काम पहाटे व सायंकाळी हलवले तर तोटा कमी होतो, हे गवंड्याला आणि शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. मुदतीचा दंड लावणाऱ्या कंत्राटाला शिकवावे लागते. दुसरा आक्षेप, पैसा नाही. त्याचेही उत्तर महाराष्ट्रानेच देऊन ठेवले आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खैरात मागितली नाही, काम मागितले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि तिच्यासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ साली व्यवसायकर बसवला गेला. एकाच्या संकटाचा भार सर्वांनी वाटून घेण्याचे ते उदाहरण होते. बांधकामाच्या खर्चावरील एक टक्का उपकर तर १९९६ च्या कायद्यापासून कामगारांच्याच नावाने गोळा होत आला आहे. उन्हाने थांबलेल्या तासांची मजुरी देण्याहून त्याचा उचित विनियोग कोणता?

खारघरच्या मैदानावर गेलेली माणसे श्रद्धेने गेली होती. कामावर जाणारी माणसे पोटासाठी जातात. दोघांनाही उन्हात बसवणारी सत्ता आणि त्यांना सावली नाकारणारी व्यवस्था एकच आहे. तापमापकातला पारा पुढील काही दशके चढतच राहणार, हे शास्त्र सांगते आणि त्यावर एकट्या उरणचा वा महाराष्ट्राचा इलाज चालणार नाही. परंतु पारा किती चढला म्हणजे मालकाने काम थांबवायचे आणि कोणाच्या खर्चाने थांबवायचे, हा आकडा निसर्ग ठरवत नाही. तो विधिमंडळात ठरतो. आणि विधिमंडळात तो तेव्हाच ठरतो, जेव्हा धक्क्यावरचा, यार्डातला आणि नाक्यावरचा माणूस संघटितपणे त्याची मागणी करतो.